जुनी सायकल: मोडीत की रस्त्यावर?

(देवळी येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आपल्या देवळीच्या आसपास कोणत्याही गावात जा. दहा घरे फिरा. एखाद्या घरी तरी गोठ्याच्या कुडाला टेकलेली जुनी काळी सायकल दिसेल. टायर फाटलेले असते. चेन गंजलेली असते. सीटवर कोंबडी बसलेली असते. घरात मोटारसायकल आली आणि सायकल कोपऱ्यात गेली. मग एके दिवशी दारात भंगारवाला येतो. सायकल काट्याला लावतो आणि वजनावर पैसे देतो.

सायकल ही वजनावर विकायची वस्तू आहे काय? कधी आहे, कधी नाही. हे ओळखायचे कसे, तोच आजचा विषय आहे.

लोक दोन प्रकारे फसतात. गंज दिसला की म्हणतात, "ही गेली." नवा रंग दिसला की म्हणतात, "ही चांगली." दोन्ही घाईची बोलणी. बैल घेताना आपण नुसती झूल पाहतो का? दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. सायकलही तशीच पाहावी. गंज आणि रंग ही वरची कातडी. आपल्याला हाडे तपासायची आहेत.

समोरची सायकल

उदाहरणासाठी ही सायकल इथे उभी केली आहे. आपल्याच वर्गातील एका बाईंची आहे. त्यांच्या सासऱ्यांनी पन्नास वर्षांपूर्वी ती घेतली. सासरे आता नाहीत. भंगारवाल्याने भाव सांगून ठेवला आहे. परवा बाई मला म्हणाल्या, "गुरुजी, भंगारात देऊ का इले? का पोरीच्या शाळेच्या कामात येईन?"

त्यांची पोरगी आठवीत आहे. शाळा देवळीला आणि घर पाच किलोमीटरवर. बस मिळाली तर शाळा, चुकली तर दिवस बुडाला. किती दिवस बुडाले, ते बाईंनी वहीत मांडून आणले आहे. तेव्हा प्रश्न लोखंडाचा नाही. प्रश्न पोरीच्या शाळेचा आहे.

आधी सायकलीचे नाव वाचू. हँडलखालच्या नळीवर पत्र्याचा बिल्ला आहे. तो पुसला. अक्षरे इंग्रजी आहेत, म्हणून मी वाचतो: अ‍ॅटलस. ही कंपनी हरियाणातील सोनीपतला १९५१ साली निघाली. एके काळी तिच्या सायकली देशभर गेल्या. २०२० साली तिचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. पण कारखाना बंद पडला म्हणून सायकल बाद होत नाही. आपल्याकडच्या या काळ्या सायकली विलायती नमुन्यावर बनल्या. अ‍ॅटलस असो, हर्क्युलिस असो, १९५६ साली लुधियानात निघालेली हीरो असो, बहुतेक भागांची मापे एकच. चेन, टायर, छर्रे, ब्रेकचे रबर एकीचे दुसरीला लागते. म्हणूनच जुनी सायकल पुन्हा उभी करता येते.

आता नंबर शोधा. सीटखालच्या सांध्यावर किंवा पायडलच्या आसाखाली तो ठोकलेला असतो. वहीत उतरवून घ्या. दुसऱ्याची जुनी सायकल विकत घेत असाल, तर विकणाऱ्याकडून नंबरासह लिहून घ्या. नंबर खरवडलेला दिसला, तर सायकल कितीही स्वस्त असो, हात लावू नका.

तपासणी

तपासणीला मोठी हत्यारे लागत नाहीत. चिंधी, थोडे रॉकेल, सुतळी, फूटपट्टी आणि खडू एवढे पुरे. वही-पेन्सिल मात्र हवीच.

पहिली पाहायची ती फ्रेम. फ्रेम म्हणजे सायकलीचा कणा. बाकी सारे बदलता येते. फ्रेम गेली की सायकल गेली. नळ्या जिथे जुळतात, ते सांधे रॉकेलच्या चिंधीने पुसा. हँडलखालचे दोन सांधे नीट निरखा. रंगावर केसासारखी रेघ दिसते का? दिसली तर तिथे रंग खरवडून पाहा. रेघ रंगातच असेल तर चिंता नाही. लोखंडात गेली असेल तर फ्रेम फुटते आहे असे समजा.

मग गंज पाहा. गंज दोन जातींचा असतो. एक पुसला की जातो, खाली घट्ट लोखंड लागते. त्याला भिऊ नका. दुसरा पापुद्रे सोडतो. पेचकसाच्या टोकाने दाबले की आत जातो. नळीला असा गंज असेल, तर ती सायकल माणसाला बसायला नको.

फ्रेम वाकडी आहे की सरळ, ते डोळ्याला कळत नाही. सुतळीला कळते. मागचे चाक जिथे बसते, तिथे एका बाजूला सुतळी बांधा. ती पुढे नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घाला. दुसऱ्या बाजूने मागे आणून तशीच ताणून बांधा. आता सीटची नळी आणि सुतळी यांतले अंतर दोन्ही बाजूंना मोजा. अंतर सारखे असेल तर फ्रेम सरळ. बाईंनी मोजले. दोन्हीकडे सारखे भरले. कणा शाबूत आहे.

दुसरा पाहायचा तो चिमटा. पुढचे चाक धरतो तो चिमटा. बाजूला उभे राहून पाहा. चिमटा वरून सरळ खाली यावा आणि टोकाला पुढे वळावा. तो मागे दबलेला दिसला, तर सायकल कधी तरी कशावर आदळली आहे. या सायकलीचा चिमटा थोडा मागे आहे. वरच्या बाजूला रंगाला सुरकुती पडली आहे. काही जण म्हणतील, ठोकून सरळ करू. तसे करू नका. वाकलेले लोखंड पुन्हा वाकवले की कमजोर होते. चिमटा चालता चालता तुटला, तर माणूस तोंडावर पडतो. बाकी कुठेही काटकसर करा, चिमट्यावर करू नका. बाईंनी वहीत लिहिले: चिमटा, बदल.

तिसरी पाहायची ती चाके. चाक उचलून फिरवा. रिमेजवळ खडू स्थिर धरा. रिम एके ठिकाणीच घासली, तर चाकाला आऊट आहे. आऊट थोडा असेल तर तारा कसून निघतो. मग चाक दोन्ही हातांनी धरून बाजूला हलवा. खडखडले तर आतले छर्रे किंवा कोन झिजले. तारा बोटाने छेडा. घट्ट तार वाजते, ढिली तार मुकी राहते. आपल्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. मागे जास्त, कारण माणसाचे आणि ओझ्याचे वजन मागे पडते. इथे पुढचे चाक चांगले आहे. मागे तीन तारा नाहीत.

चौथी पाहायची ती चेन. चेनच्या दोन खिळ्यांतले अंतर अर्धा इंच असते. म्हणजे २४ कड्यांना बरोबर १२ इंच. एका खिळ्याच्या मध्यावर मोजपट्टीचा शून्य ठेवा. १२ इंचांवर पुन्हा खिळ्याचा मध्य आला, तर चेन उत्तम. तो अष्टमांश इंच पुढे गेला, तर चेन झिजली, बदला. दातेरी चक्राचे दातही पाहा. वाघनखासारखे वाकले असतील, तर नवी चेनही त्यावर टिकणार नाही. इथे दात चांगले आहेत, चेन गेली आहे.

पाचवा पाहायचा तो पायडलचा आस. पायडलचे दोन्ही दांडे धरून आत-बाहेर हलवा. दोन्ही सोबत हलले तर आसाचे छर्रे किंवा वाटी सैल. एकच हलला तर त्याची कॉटर पिन झिजली. इथे डावा हलतो.

शेवटी ब्रेक आणि टायर. ब्रेकचे रबर झिजून लोखंड रिमेला लागते का, ते पाहा. टायर दुमडून पाहा. आतला धागा दिसला की बदला. टायरच्या बाजूला माप छापलेले असते. या सायकलीला २८ गुणिले दीड इंच आहे. ते वाचून घ्या आणि तेच माप दुकानात सांगा. वाचता येते, त्याचा असा उपयोग.

आणखी एक गोष्ट. सायकल बसणाऱ्याच्या मापाची हवी. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहावे. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. पोरीला बोलावून पाहिले. तिचे पाय टेकतात. टेकले नसते, तर फ्रेम कितीही चांगली असली तरी मी नको म्हटले असते.

हिशेब

आता वही उघडा. तीन रकाने आखा: ठीक, दुरुस्त, बदल. बाईंच्या वहीत असे लिहिले आहे.

ठीक: फ्रेम, हँडल, पुढचे चाक, दातेरी चक्र, मडगार्ड, स्टँड.

दुरुस्त: मागच्या चाकाच्या तारा, सर्व छर्रे-ग्रीस, सीट.

बदल: चिमटा, चेन, दोन कॉटर पिना, दोन टायर, दोन ट्यूब, ब्रेकचे रबर.

दुरुस्त आणि बदल या दोन रकान्यांपुढे दुकानात विचारून भाव लिहा. दोन दुकानांत विचारा. मिस्त्रीची मजुरी धरा. बेरीज करा. शेजारी नव्या सायकलीची किंमत लिहा. माझा नियम असा: फ्रेम सरळ असावी आणि खर्च नव्याच्या निम्म्याच्या आत असावा, तर दुरुस्त करावी. बाईंची बेरीज तिसऱ्या हिश्श्यात बसली. तेव्हा निकाल झाला. भंगारवाल्याला रामराम.

पण कोणाच्या सायकलीची फ्रेम फुटलेली निघाली तर? मग जीव अडकवून ठेवू नका. ती मोडीतच द्या. मात्र आधी चांगली चाके, पायडल, घंटी काढून घ्या. जुना बिल्ला, पितळी घंटी, कातडी सीट तर वजनावर मुळीच देऊ नका. शहरात जुन्या सायकली जपणारे हौशी लोक आहेत. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय केले आहे. अमेरिकेत श्विन कंपनीने १९३३ साली जाड टायरच्या सायकली काढल्या. तिथले हौशी लोक त्या अजून झिलई देऊन ठेवतात. आपण जे भंगार म्हणतो, ते दुसऱ्याला हवे असते.

दुरुस्ती

दुरुस्तीला घाई नको. जमिनीवर जुने धोतर अंथरा. एक भाग सोडवला की त्याचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवा. डब्यावर कागद चिकटवून नाव लिहा: पुढचे चाक, मागचे चाक, आस. रॉकेलने धुणे अंगणात करा. जवळ चूल, विडी नको. पोरे दूर ठेवा.

गंजलेल्या नटावर जोर करू नका. तेलाचे दोन थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी नट सुटेल.

इथे एक खुबी ध्यानात धरा. उजव्या बाजूचे पायडल नेहमीच्या आट्याचे असते. डाव्या बाजूचे उलट आट्याचे असते. ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले म्हणजे सुटते. चालवताना आपोआप सुटू नये म्हणून तशी योजना आहे. हे ठाऊक नसले तर माणूस जोर लावून आटे मोडतो.

कॉटर पिन काढताना तिचा नट पूर्ण काढू नका. पिनेच्या टोकाशी बरोबर येईल इतका सैल करा, म्हणजे आटे सांभाळले जातात. दांड्याखाली लाकडाचा ठोकळा धरा. मग हातोडीचा एकच नेमका घाव घाला. नव्या पिना बसवताना एकीचे तोंड दुसरीच्या उलट ठेवा. नाही तर दोन्ही पायडल एका रेषेत येत नाहीत.

छर्रे काढताना मोजा. बहुधा पुढच्या चाकात दर बाजूला १० बारीक छर्रे असतात. मागच्यात दर बाजूला ९ जाड. पायडलच्या आसाला दर बाजूला ११. एक छर्रा खराब असला तरी त्या बाजूचे सारेच बदला. जुने-नवे मिसळले की वजन सारखे पडत नाही. वाटी पुसा, ग्रीस लावा, छर्रे ग्रीसमध्ये बसवा. कोन हाताने घट्ट करा आणि पाव वेढा मागे घ्या. मग वरचा नट कसा. बरोबर बसले की नाही याची परीक्षा सोपी आहे. चाक उचलून सोडून द्या. हवा भरायची नळी आपल्या वजनाने हळूहळू खाली आली, तर चाक मोकळे. बाजूला खडखडले नाही, तर ते घट्टही.

मागच्या चाकावरचे फ्रीव्हील उघडू नका. आत बारीक छर्रे असतात. ते सांडले तर सापडायचे नाहीत. वरूनच रॉकेल सोडून धुवा आणि पातळ तेल द्या. चाकाचा आऊट काढणे आणि चिमटा बसवणे ही कामे मिस्त्रीकडे द्या. त्याचा हात त्यात बसलेला असतो. आपण शेजारी उभे राहून पाहावे. विचारले तर चांगला मिस्त्री सांगतो.

चेन बसवताना तिच्या कुलपाचे बंद तोंड चेन धावते त्या दिशेला ठेवा. चेन फार ताणू नका. मधोमध बोटाने दाबली असता अर्धा-पाऊण इंच हलावी. तेल मशीनचे घाला. गोडे तेल नको, ते चिकट होऊन धूळ धरते. रिमेवर तर तेलाचा थेंबही नको, कारण ब्रेक तिथेच लागतो.

टायर घालण्याआधी रिमेच्या आतून हात फिरवा. तारेचे टोक वर आले असेल तर घासून टाका. नाही तर नवी ट्यूब पहिल्याच दिवशी पंक्चर होते.

रंग सर्वांत शेवटी. तोही हवा असेल तर. रंगाने सायकल चालत नाही. रंग दिला तरी नंबर आणि बिल्ला झाकू नका.

चालवण्यापूर्वी

पहिल्या दिवशी मोठ्या माणसाने चालवून पाहावे. सपाट, रिकाम्या रस्त्यावर. आधी हळू, मग ब्रेक दाबत. घरी येऊन सारे नट पुन्हा कसावेत. नवे बसवलेले भाग पहिल्या दोन-चार दिवसांत थोडे सैल होतात.

आपल्या भागाच्या दोन खोडी आहेत. पावसाळ्यात कपाशीच्या वावरातली काळी माती मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये बसते. चाक जाम होते. जोर करू नका, काडीने माती काढा. आणि रिम ओली झाली की ब्रेक नीट लागत नाही. म्हणून पावसात नेहमीपेक्षा आधी, हळूहळू ब्रेक दाबावा. उन्हाळ्यात सायकल उन्हात उभी करू नये. हवा तापते, जुनी ट्यूब फुटते. सायकलीला मागे लाल चमकती चकती लावा. पुढे दिवा असावा. सांजेला रस्त्यावर ट्रक असतात. त्यांना आपण दिसलो पाहिजे.

आता कोणी म्हणेल, "पोरगी दांडीची सायकल चालवणार?" का नाही? तमिळनाडूत पुदुक्कोट्टई नावाचा जिल्हा आहे. तिथे १९९१ च्या सुमारास साक्षरतेची मोठी मोहीम झाली. शीला राणी चुंकत या तेव्हा तिथल्या कलेक्टर होत्या. त्या मोहिमेत बायांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. शेतमजूर बाया, खाणीतल्या बाया, अंगणवाडीच्या बाया सायकलीवर बसल्या. आधी लोक हसले. मग हसणे थांबले. बायांच्या सायकली कमी पडल्या, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या दांडीच्या सायकली घेतल्या. काहींना तर दांडी बरीच वाटली, कारण तिच्यावर लेकरू बसवता येते. त्या बाया पाणी आणू लागल्या, बाजार करू लागल्या. बसची वाट पाहणे संपले. सायकल आणि अक्षर या दोन्हींचे काम एकच. माणूस दुसऱ्यावर अडून राहत नाही.

ध्यानात ठेवा

गंज पाहून टाकू नका. रंग पाहून घेऊ नका.

आधी फ्रेम, मग चिमटा, मग बाकी सारे.

भाव विचारा, वहीत लिहा, बेरीज करा, मग ठरवा.

चिमटा आणि ब्रेक यांवर काटकसर करू नका.

आठवड्यातून एकदा हवा, महिन्यातून एकदा तेल, दिवाळीला एकदा पूर्ण तपासणी.

तुमच्या गोठ्यात अशी एखादी सायकल असेल, तर या रविवारी ती बाहेर काढा. पुसा, सुतळी लावा, तीन रकाने भरा. पुढच्या वर्गाला वही घेऊन या. बेरीज आपण सारे मिळून तपासू.

एवढे बोलून मी थांबतो.